पानावरचा पंक्तिप्रपंच

आपल्या समाजांत पूर्वापार जे दोष निंद्य मानिले गेले आहेत, त्यांत पंक्तिप्रपंच हा एक आहे. यजमानाच्या घरीं पंगत बसली, पानें मांडलीं, आणि एकाच्या पानावर तूप व पक्वान्न, तर शेजारच्याच्या पानावर नुसता भात व पातळ वरण असा प्रकार झाला, तर जेवणारा भिडेनें कांहीं बोलत नाहीं; पण घास त्याच्या घशाखालीं उतरत नाहीं. अन्न थोडें असेल तर सर्वांनाच थोडें वाढावें, हा शिष्टाचार निरक्षरालाहि ठाऊक असतो. आमच्या मतें आज या देशांत रोज असंख्य पानांवर असाच पंक्तिप्रपंच चालला आहे; आणि आश्चर्य हें कीं, ज्यांच्या पानावर कमी वाढलें जातें त्यांनीं उरलेलें मागितलें, तर सुशिक्षित मंडळी त्यांनाच हंसतात.

हीं पानें केळीचीं किंवा पळसाचीं नव्हेत. तीं संकेतस्थळांचीं आहेत. एकाच संकेतस्थळाचें एक पान संगणकासाठीं व दुसरें मोबाइलसाठीं, अशी वांटणी पुष्कळ ठिकाणीं केलेली असते. पहिल्या पानावर सगळा मजकूर, सगळीं कोष्टकें, जुन्या परिपत्रकांची यादी आणि शोधण्याचीं साधनें. दुसऱ्यावर एक मोठें चित्र, चार ठळक बटणें, आणि बाकीचें सारें तीन आडव्या रेघांच्या पेटींत कोंबलेलें किंवा अजिबात गाळलेलें. ही काटछांट सहन न होऊन मोबाइलवरच संगणकाचें पुरें पान उघडणारा एक वर्ग आहे. ब्राउझरच्या कोपऱ्यांतील तीन ठिपके दाबावे, 'डेस्कटॉप साइट' या शब्दांपुढील चौकटींत खूण करावी, कीं पान पुनः उघडतें; या खेपेस ब्राउझर आपली ओळख मोबाइल म्हणून न देतां संगणक म्हणून देतो, आणि पडदा रुंद आहे असें धरून पान मांडतो. मग तें ऐसपैस पान तळहाताएवढ्या कांचेवर मुंगीच्या अक्षरांत येऊन बसतें, आणि वाचणारा दोन बोटांनीं तें ताणतो, सरकवतो, पुनः ताणतो. या संवयीस वेडगळपणा म्हणणाऱ्यांविरुद्ध आमचा हा लेख आहे.

ही संवय कोणास लागली, हें प्रथम पाहूं. आम्ही राहतों तें मूल हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. उमा नदी, धानाच्या बांध्या, भाताच्या गिरण्या, आणि गांव मागें पडलें कीं ताडोबाच्या दिशेनें पसरत गेलेलें रान, असें हें स्थळ आहे. येथें मोबाइल शेतमजुराच्या घरापर्यंत पोंचला. संगणक मात्र शाळेंत, कचेरींत, सेवाकेंद्रांत आणि आमच्यासारख्या थोड्याशा पगारदारांच्या घरांतच राहिला. पुण्यामुंबईच्या गृहस्थास मोबाइल हें दुसरें यंत्र आहे. वाटेंत सहज पाहावयाचें तें त्याच्यावर पाहावें, आणि खरें काम घरीं जाऊन मेजावरच्या संगणकावर करावें, असा त्याचा क्रम असतो. रोवणीस जाणाऱ्या बाईच्या घरीं तेंच यंत्र पहिलें आणि तेंच शेवटचें. ज्याच्या घरीं दुसरें पान मांडलेलेंच नाहीं, त्याला 'पुरतें जेवण दुसऱ्या पानावर आहे' म्हणून सांगणें, ही थट्टा नव्हे तर काय?

गेल्या पावसाळ्यांतली एक साधी गोष्ट सांगतों. आमच्या आळींतील एका शेतकऱ्याची मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसली. संकेतस्थळाच्या नांवाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. नांव, गांव, इयत्ता, बापाचें उत्पन्न, सारें भरून झालें. दाखले जोडण्याची जागा मात्र कोठें दिसेना. "काकाजी, बटनच दिसत नाही जी," असें म्हणत ती आमच्याकडे आली. आम्ही जाणते म्हणविणारे, आम्ही तिला म्हणालों, "पोरी, हें काम मोबाइलवर व्हावयाचें नाहीं. उद्यां सेवाकेंद्रांत जा." दुसऱ्या दिवशीं बाप रोवणी टाकून तिच्याबरोबर गेला. केंद्रांत रांग होती. मग वीज गेली. मग सायंकाळ झाली. रात्रीं तिच्या मामेभावानें तोच मोबाइल घेऊन त्या चौकटींत खूण केली, आणि पानाची जी उजवी बाजू मोबाइलच्या मांडणींत गाळली गेली होती, तिच्यांत तें बटण दिसलें. दहा वाजण्याच्या आंत अर्ज गेला. आमच्या शहाणपणानें त्या घराचा एक दिवस आणि ऐन हंगामांतली एक मजुरी खाल्ली होती, आणि काम झालें तें त्या पोराच्या 'वेडगळ' संवयीनें. आमच्या उपदेशाची आम्हांस त्या रात्रीं लाज वाटली. हा लेख तेव्हांपासून मनांत आहे.

कोणी म्हणेल, पडदाच लहान, त्याला संकेतस्थळ करणारा काय करणार? पण हा प्रश्न इतिहासास धरून नाहीं. ९ जानेवारी २००७ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें स्टीव्ह जॉब्स यांनीं आयफोन जगास प्रथम दाखविला, तेव्हां त्याच्या चिमुकल्या पडद्यावर त्यांनीं न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राचें संकेतस्थळ पुरेंच्या पुरें उघडलें, आणि बोटाच्या दोन टिचक्यांनीं हवा तो भाग मोठा करून दाखविला. त्या काळच्या फोनांवर मिळणारें पातळ रूप नव्हे, तर खरें पान, हीच त्या यंत्राची ऐट होती. म्हणजे ज्या खटाटोपास आज आपण हंसतों, तोच या यंत्राच्या जन्मदिवशीं कौतुकाचा विषय होता!

पुढें २०१० च्या मे महिन्यांत ईथन मार्कॉट या रचनाकारानें 'ए लिस्ट अपार्ट' या नियतकालिकांत एक लेख लिहून दाखविलें कीं, दोन पानें करण्याची गरजच नाहीं. पान एकच ठेवावें. पडदा रुंद असेल तेव्हां त्याचे स्तंभ शेजारीं शेजारीं बसावे, अरुंद असेल तेव्हां एकाखालीं एक. दिवाणखान्यांत दोन रांगा बसतात, ओसरीवर एक बसते. पण वाढप दोन्ही ठिकाणीं सारखेंच. २०१८ सालीं जागतिक सुगम्यता-नियमावलीची जी सुधारलेली आवृत्ति निघाली, तिच्यांतहि हेंच तत्त्व कलम म्हणून आलें: पान ३२० बिंदूंइतक्या अरुंद जागेंत मांडलें तरी त्यांतील मजकूर वा क्रिया हरवतां कामा नये. उपाय इतका जुना, इतका प्रसिद्ध आणि सर्वांस फुकट मोकळा असतांना जो पान कापतो, तो अडचणीमुळें कापीत नाहीं. त्याला कंटाळा आहे, किंवा मोबाइलवर येणारा मनुष्य कांहीं गंभीर कामासाठीं आलेलाच नाहीं, अशी त्याची समजूत आहे. कंटाळा क्षम्य आहे. ही समजूत क्षम्य नाहीं.

आणि ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांनींहि या वादांत तटस्थ राहूं नये. गूगलनें २०१६ सालीं जाहीर केलें कीं, यापुढें पानांची सूची त्यांच्या मोबाइलरूपावरून करण्यांत येईल. आणि २०२३ सालीं हें स्थित्यंतर पुरें झाल्याचें सांगितलें. याचा अर्थ उघड आहे. मोबाइलच्या पानांतून जें गाळलें, तें शोधणाऱ्याच्या यादींतूनहि गळण्याचा संभव आहे, मग शोधणारा कितीहि मोठ्या पडद्यापुढें बसलेला कां असेना. गरिबाच्या पानावर वाढावयाचें राहिलें तें हळूहळू स्वयंपाकघरांतूनच नाहींसें होऊं लागतें.

चांगल्या हेतूनें केलेली काटछांटहि निर्दोष नसते. विकिपीडियाचेंच उदाहरण घ्या. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्याच्या निःस्वार्थ लेखकांविषयीं आम्हांस आदर आहे. त्याच्या पुष्कळ लेखांच्या तळाशीं संबंधित लेखांचीं जोडकोष्टकें असतात. एका विषयावरून दुसऱ्यावर जावयास तीच वाट. मोबाइलच्या मांडणींत तीं कोष्टकें वर्षानुवर्षें गाळलीं जात आलीं आहेत. जिज्ञासु विद्यार्थ्याला लेख मिळतो, पण लेखांचें कुटुंब मिळत नाहीं. मात्र या संस्थेनें पानाच्या शेवटीं डेस्कटॉप रूपाकडे जाण्याची वाट उघडी ठेविली, एवढी सभ्यता इतर पुष्कळांपाशीं नाहीं. कित्येक ठिकाणीं तर संगणकाच्या आंतल्या पानाचा दुवा मोबाइलवर उघडावा, तों तें पान न येतां मोबाइलचें मुखपृष्ठ पुढें येतें. जणूं देवघराचा पत्ता विचारणाऱ्यास वेशीवर आणून सोडावें.

आमच्या या झाडीपट्टींत नाटकाची जुनी परंपरा आहे. दिवाळी होऊन धान घरांत येऊं लागलें, कीं मंडई व शंकरपट यांच्या निमित्तानें खेडोपाडीं नाटकें सुरू होतात. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या गांवोगांव फिरतात. आणि रात्रीं सुरू झालेलें नाटक पहांटेपर्यंत चालतें. थंडींत कुडकुडत बसलेलीं माणसें शेवटचा प्रवेश पाहूनच उठतात. आजवर कोणा मंडळीनें असें म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं कीं, 'हें खेडें लहान, मांडव अरुंद. तेव्हां येथें दोनच अंक करूं, उरलेले पाहावयास नागपुरास या.' तसें कोणी म्हटलें असतें, तर खेड्यानें मांडव उभाच राहूं दिला नसता. रंगमंच लहान असेल तर नट दाटीनें उभे राहतात. नाटक कापीत नाहींत. अडाणी म्हणून ज्यांची हेटाळणी होते त्या प्रेक्षकांविषयीं आमच्या नटांस जो आदर वाटतो, तेवढाहि संकेतस्थळें रचणाऱ्यांस आपल्या वाचकांविषयीं वाटूं नये काय?

पण नाटक ही करमणूक झाली, असें कोणी म्हणेल. जेथें हक्काचा प्रश्न असतो तेथें पुरें वाचण्याचें मोल काय, याचा दाखला आमच्या शेजारींच आहे. मूलहून सावलीमार्गें निघून वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोली लागतें. तेथून पुढें धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंड वस्तीचें लहानसें गांव आहे. या गांवानें अभ्यासगट बसवून कायदे व नियम समजून घेण्याची चाल पाडली. वनहक्क मान्य करणारा कायदा २००६ सालीं झाला, आणि त्याखालीं २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबू विकावयाची वेळ आली तेव्हां वाद निघाला कीं, बांबू हें झाड, म्हणजे लाकूड. तें गौण वनोपज कसें? उत्तर कायद्यांतच होतें. त्याच्या दुसऱ्या कलमांत गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, तिच्यांत बांबू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातीं आले. आतां कल्पना करा कीं, त्या कायद्याचे 'चार ठळक मुद्दे' एवढेंच कापलेलें पान या लोकांपुढें असतें. 'गौण वनोपजावर हक्क' ही ओळ त्यांत खचित असती. व्याख्येच्या पोटांतला तो एक शब्द नसता. ज्या शब्दावर गांवाचें उत्पन्न उभें राहिलें, तो शब्द संक्षेप करणाराच्या दृष्टीनें प्रथम गाळण्यासारखा असतो!

तीच गोष्ट कोष्टकांची. सातबाऱ्याचा उतारा मराठी कुटुंबांस नवा नाहीं. भोगवटादाराचें नांव, क्षेत्र, आकार, फेरफार आणि 'इतर अधिकार' हीं सारीं एका दृष्टिक्षेपांत शेजारीं शेजारीं दिसलीं म्हणजेच त्यांचा अर्थ लागतो. कर्जाचा बोजा त्या शेवटल्या रकान्यांतच नोंदलेला असतो. असें कोष्टक मोबाइलसाठीं फोडून एकाखालीं एक चकत्या करून मांडलें, तर नांव पहिल्या चकतींत आणि बोजा सातव्या चकतींत जातो. घाईंतला मनुष्य तिसऱ्या चकतीवरच थांबतो. वर सांगितलेल्या नियमावलीनेंहि कोष्टकांस अरुंद मांडणीच्या नियमांतून सूट दिली आहे, ती उगाच नव्हे. अशा वेळीं पुरें पान उघडून बोटांनीं ताणणारा शेतकरी चुकीचें कांहींच करीत नाहीं. तो कागद जसा वाचावयाचा तसा वाचीत असतो.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप डोळ्यांचा. संगणकाच्या पानाचीं अक्षरें मोबाइलवर इतकीं बारीक होतात कीं अनुस्वार दिसत नाहीं, आणि 'दिन' व 'दीन' यांतला भेद उरत नाहीं, असें म्हणतात. हें खरें आहे, आणि तें आम्ही मुळींच लपवीत नाहीं. आमची चाळिशी ओलांडलेली दृष्टि या त्रासाची साक्षीदार आहे. परंतु हा दोष पुरें पान मागणाऱ्याचा नव्हे; पुरें पान मोठ्या अक्षरांत न देणाऱ्याचा आहे. पथ्याचें कारण सांगून उपाशी ठेवणारा वैद्य आणि हा आक्षेपक यांत आम्हांस फरक दिसत नाहीं. त्यांतहि जुलूम असा कीं, कांहीं रचनाकार आपलीं पानें बोटांनीं मोठीं करण्याची सोयच बंद करून ठेवतात. अक्षर लहान ठेवावयाचें आणि भिंगहि हिसकून घ्यावयाचें, याला काय म्हणावें?

दुसरा आक्षेप असा कीं, बहुतेक लोकांस थोडकेंच हवें असतें. असेल. पण प्रत्येकास हवें असणारें थोडकें निरनिराळें असतें, आणि वर्षांतून एकदां लागणाऱ्या गोष्टीवर कधीं कधीं सबंध वर्ष अवलंबून असतें. थोडकें पुढें ठेवावें, त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु उरलेलें कोठें आहे तें दाखविणारी वाट त्याच पानावर ठळक असावी. तिसरा आक्षेप, पुरें पान जड असतें, डेटा खातें, रानांतल्या अशक्त जाळ्यावर उघडतां उघडत नाहीं. हाहि खरा आहे. पण पानें जड होतात तीं बहुधा चित्रांनीं, चलच्चित्रांनीं आणि जाहिरातींनीं. अक्षरांना वजन तें किती! काटावयाचेंच असेल तर तेथें काटावें.

चौथा आक्षेप नव्या मंडळींचा: आतां सर्वांचीं ॲपें निघालीं आहेत, संकेतस्थळें हवींत कशाला? ॲप हें मालकाचें घर आहे. तेथें मालक दाखवील त्या खोलींतच फिरावें लागतें. संकेतस्थळ हा सार्वजनिक रस्ता आहे. त्याचा पत्ता दुसऱ्यास देतां येतो, मजकूर उतरून घेतां येतो. शिवाय प्रत्येक कामास एक ॲप ठेवण्याइतकी जागा गरिबाच्या मोबाइलमध्यें नसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच्या मोबाइलवरून करावी अशी व्यवस्था झाली. ही व्यवस्था आम्हांस नापसंत नाहीं. परंतु ज्या यंत्रावर सरकारनें शेतकऱ्याचें कर्तव्य ठेविलें, त्याच यंत्रावर त्याचा हक्कहि सबंध मिळाला पाहिजे. कर्तव्य मोबाइलवर आणि हक्क संगणकावर, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

आमची मागणी मोठी नाहीं. जें संगणकावर दिसतें तें सर्व मोबाइलवर मिळावें. पान मोठें करण्याची मोकळीक कोणी हिरावूं नये. आणि जोंपर्यंत हें होत नाहीं तोंपर्यंत पुऱ्या पानाची वाट कोणी बुजवूं नये. सुशिक्षित कुटुंबांकडे आमचें मागणें याहूनहि लहान आहे. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई, शेजारचा विद्यार्थी, गांवाकडचे काका मोबाइल घेऊन अडून बसलेले दिसले, तर आम्हीं केली तशी चूक करून त्यांना सेवाकेंद्राचा रस्ता दाखवूं नये. ते तीन ठिपके आणि ती चौकट दाखवावी. त्यास अर्धें मिनिट लागतें, आणि एखाद्या घराची एक मजुरी वांचते. आणि कोणी पोर तळहातावरचें भलें मोठें पान बोटांनीं ताणीत बसलेलें दिसलें, तर हंसूं नये. तें आपल्या वांट्याचें मागत आहे. पंगतींत 'पुरे' हा शब्द जेवणाऱ्यानें उच्चारावयाचा असतो, वाढणाऱ्यानें नव्हे.